एक हात मोकळा

ड्रोन जमिनीवरून उचलण्याआधी काका हात डोक्याच्या वर न्यायचे आणि तिथे नसलेली दोरी दोनदा ओढायचे. मग म्हणायचे, "डबल!" की ड्रोन वर. उतरवताना दोरी एकदाच ओढायची, "सिंगल." आमच्या अमरावतीच्या स्टुडिओत लग्नाच्या शूटिंगला येणारी नवी पोरं एकमेकांकडे बघत राहायची. तुम्ही एसटीने फिरला असाल, तर तुम्हाला उलगडून सांगायला नको. काका अकोल्याचे, आणि सगळी नोकरी त्यांनी कंडक्टर म्हणून केलेली.

देहाने माणूस ऐसपैस. दोघांच्या सीटवर ते बसले की शेजारी फार तर एखादी पिशवी मावायची. पण सामानाचा इतका तिटकारा मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. निवृत्त झाल्यावर ते पहिल्यांदा माझ्याकडे आले ते एक चामड्याची बॅग खांद्याला अडकवून. नोकरीतली बॅग डेपोत जमा करावी लागली, म्हणून हुबेहूब तशीच अकोल्यात मोच्याकडून शिवून घेतलेली.

"ड्रोन घ्याचा हाय," म्हणाले, "पण याच्यात मावला पाह्यजे."

मी त्यांना सगळ्यांत छोटा, घडी होणारा ड्रोन मागवून दिला. त्यांनी तो बॅगेत ठेवला, झाकण लावलं आणि स्टुडिओत एक चक्कर मारून पाहिली. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या बॅगेवर गेली. ती त्यांनी एका बोटाने उचलून पाहायचा प्रयत्न केला. बोट वर आलं, बॅग जागेवरच राहिली.

"उतरव," ते म्हणाले.

सतरंजीवर माझं सगळं सामान मांडलं गेलं. प्रत्येक वस्तू हातात घेऊन त्यांचा एकच प्रश्न, "हे घरी राह्यलं तं काम अडते काय?" मी "कधीतरी लागतं" म्हटलं की ती वस्तू डावीकडे. जास्तीचा चार्जर, कडक प्लास्टिकची पेटी, रात्रीचे चमकणारे दिवे, सगळं डावीकडे. उजवीकडे उरलं ते इतकं थोडं, की मला एखाद्या लग्नाला नुसता जेवायला चाललोय असं वाटलं.

"माह्या वजनाचं आता काही होत नाई बाप्पा," स्वतःच्या पोटावर थाप मारत ते म्हणाले, "पण बॅगचं होते. एक हात मोकळा पाह्यजे माणसाचा."

जमिनीवर अंथरायला त्यांच्याकडे बसच्या सीटच्या जुन्या रेक्झिनचा तुकडा होता. आमच्या काळ्या मातीची धूळ एकदा मोटरीत गेली की संपलं, म्हणून ड्रोन त्या रेक्झिनवरूनच उडायचा. दोन बॅटऱ्या, एक कार्ड, एक मऊ फडकं. सुटे पंख मात्र त्यांनी पहिल्या दिवशी बाणेदारपणे डावीकडे टाकले होते. ते बॅगेत आले अंजनगाव सुर्जीच्या लग्नानंतर.

त्या लग्नात काकांनी ड्रोन मांडवावर चांगला खाली आणला. नवरा-नवरीचे चेहरे टिपायचे होते. मंगलाष्टकं संपली, आणि वऱ्हाडाने अक्षता फेकल्या. फेकल्या म्हणजे कशा, तर जीव तोडून. पाहुण्यांना वाटलं, वर जे घरघरतंय त्यालाही आशीर्वाद पोचला पाहिजे. तांदूळ पंखांत गेले, एक पंख तुटला आणि ड्रोन गिरक्या घेत थेट आचाऱ्यासमोरच्या पुऱ्यांच्या परातीत उतरला. मांडवभर हशा. काका परातीजवळ गेले, शांतपणे दोरी ओढली आणि म्हणाले, "सिंगल." मग एक पुरी उचलून खाल्ली.

"पंख घरी नाई राहू शकत," परतताना ते आपणहून म्हणाले. एवढं मोठं मन फार थोड्यांचं असतं.

लग्नांत फिरून ड्रोन शिकायचा हा सगळा खटाटोप कशासाठी, ते त्यांनी एकदा चहा पिताना सांगितलं. चिखलदऱ्याची गाडी त्यांनी कित्येक वर्षं केली. दरी रोज पाहिली, पण काकू घरीच. सुट्टी मिळाली तेव्हा मुलं लहान, मुलं मोठी झाली तेव्हा काकूंचे गुडघे गेले. आता त्या हात धरल्याशिवाय चालत नाहीत.

"कशीबशी तयार झाली हाय. म्हणते, एक डाव येतो. काही दिसलं नाई तं पुन्हा गावाले जाण्याचं नाव काढाचं नाई." त्यांनी कप खाली ठेवला. "तिले कड्यापर्यंत काही चालवत नाई. मंग दरीच तिच्यापाशी आनतो."

मोकळा हात कशासाठी हवा होता, ते मला तेव्हा कळलं. निघायच्या आधी मी स्क्रीनवर सावली धरणारी घडीची झडप त्यांच्यापुढे केली. "काका, एवढी घ्या. उन्हात मोबाईलवर काही दिसत नाही."

त्यांनी ती बॅगेत घालून पाहिली. झाकण लागेना.

"उतरव," ते म्हणाले.

दिवाळीनंतर आम्ही एसटीनेच गेलो. मलाही तिथे एका हॉटेलचं शूटिंग होतं. परतवाड्याहून घाट लागला. काकू खिडकीशी, शेजारी काका, अर्धे सीटवर अन् अर्धे बाहेर. बायकोशेजारी बसून त्यांचा हा पहिलाच घाट. प्रत्येक थांब्याला त्यांचा हात दोरीकडे जायचा.

"बसा ना गुमान," काकू म्हणाल्या. "तिकिटाले दुसरा हाय आता."

जंगलाच्या हद्दीत ड्रोनला बंदी, म्हणून काकांनी आधीच विचारपूस करून, रीतसर परवानगी काढून एका कॉफीच्या मळ्याची जागा ठरवली होती. खांद्याला बॅग, एका हातात काकूंचा हात, अशी ती दोघं फाटकापासून मळ्यात आली. मालकाने खुर्ची दिली. पुढे उतार होता, काकूंना तिथून पुढे जाणं शक्य नव्हतं. रेक्झिन अंथरलं गेलं. "डबल!" ड्रोन झाडांवरून दरीकडे गेला. काका खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसले आणि स्क्रीन काकूंपुढे धरली.

काकूंनी डोळे बारीक केले. "मले तं माहंच तोंड दिसून राह्यलं याच्यात."

ऊन लख्ख होतं. काकांनी स्क्रीन डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, पोटाची सावली करून पाहिली. काळी काच ती काळीच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी झाडांकडे पाहिलं. झडप अमरावतीला माझ्या खणात होती. एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"राहू द्या," काकू हळूच म्हणाल्या. "आली ना मी. झालं."

मग त्यांनी आपला उडणारा पदर सावरायला हात नेला आणि मध्येच थांबल्या. "या इकडे. अंदर या," असं म्हणून त्यांनी तो पदर आपल्या डोक्यावरून काढला आणि काकांच्या डोक्यावर, रिमोटवर, सगळ्यावर ओढून घेतला.

पदर आतून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलला.

मग काकू ओरडल्या, "अव माय! केवढं खोल हाय हे! अन् हा धबधबा? हा रोज पाह्यचे तुमी? एकटेच?"

मळ्याचा मालक हसायला लागला, मीही हसलो, आणि डोळे पुसले ते उन्हामुळे नव्हे. बॅटरी संपत आल्याची पिपाणी वाजली. पदराखालून काकांचा आवाज आला, "सिंगल. वापस घ्या लागते आता."

तर पदरातून एक हात वर आला. हिरव्या बांगड्यांचा. त्याने हवेतली दोरी दोनदा ओढली.

"दुसरी बॅटरी हाय ना? डबल मारा!"

आता काका आमच्याकडे लग्नांना येत नाहीत. हंगामात मी फोन केला, तर मागे बसचा खडखडाट. कुठे आहात विचारलं, तर त्यांनाही नीट सांगता येईना, गाव काकूंनी ठरवलं होतं. "एवढं एक लग्न करून द्या, काका," मी म्हणालो.

"नाई जमत गड्या," ते म्हणाले. "हात मोकळा नाई."