आधी बांध

रेवसजवळच्या आमच्या गावातले एक काका मराठी टायपिंगचं मोफत सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं एकटेच सांभाळतात. बोलण्याआधी चष्मा पुसायची त्यांना सवय आहे. परवा ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका कंपनीचा साहेब घरी आला.

"आमच्यासाठी नवं बटन टाका, पैसे देतो."

"आतला कोड कुजलाय. दुरुस्तीला देता का?"

"दुरुस्ती कुणाला दिसते, काका?"

काकांनी चष्मा पुसला. "खाडीचा बांध फुटला की आम्ही शेतात नवं काय लावत न्हाय. आधी बांध. बटन न्हाय मिलणार."

साहेब पैशांसकट गेला. नेटचं बिल थकलेलं असूनही काकांनी जाहीर केलं, दुरुस्ती होईपर्यंत नवं काही नाही. फुकट वापरणाऱ्यांनी शिव्या घातल्या.

आमच्याकडे बांध फुटला की तो दुरुस्त करायला घरटी एक माणूस जातो. आमच्या घरातून मी गेलो, लॅपटॉप घेऊन.