त्या हाताचं काम

पंचफुलाने सासूचं उट्टं काढलं, असं गावात अजून बोललं जातं. काढलंच. मी तिची शेजारीण, आमची भिंत एकच, आणि मला त्यात काडीचंही वाईट वाटत नाही.

पंचफुला जन्माची डावखुरी. नांदुऱ्याकडच्या माहेरी तिला कुणी कधी टोकलं नव्हतं. लग्न होऊन ती आमच्या संग्रामपूर तालुक्यातल्या गावात आली आणि पहिल्याच वर्षी मारोतीच्या पारावर रोडग्यांची, गोवऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पंगत बसली. नवी नवरी, पोटात भूक. रोडगा वरणात कुस्करून तिने डाव्या हाताने घास उचलला. तिची सासू सत्यभामाबाई वाढायला होती. तिने सुनेपुढची पत्रावळ ओढून घेतली.

"ऊठ वो! त्या हाताचं काम येगळं राह्यते. मायनं धुवाले शिकवलं, खायाले नाई शिकवलं?"

अख्खी पंगत हसली. पंचफुला उठली, ती पुढे कित्येक वर्षं त्या पंगतीत बसली नाही.

घरी तर कहरच. सत्यभामाबाईने जुन्या लुगड्याची चिंधी फाडून सुनेचा डावा हात कमरेला बांधला. स्वयंपाक एकट्या उजव्या हाताने. भाकरी मोडायची, बोटं भाजायची, आणि मोडक्या भाकरी तिनेच खायच्या. नवरा सहदेव मान खाली घालून जेवायचा. त्या माणसाचा मला सासूपेक्षाही जास्त राग येतो, पण ते असो. रडत रडत पंचफुलाने आपल्या उजव्या हाताला शिकवलं. आधी तुरीची डाळ निवडायला, मग कणिक मळायला, मग घास घ्यायला. चिंधी सुटली. तिने ती धुतली, घडी केली आणि पेटीत ठेवली. शेतात मात्र, सासूच्या नजरेआड, विळा डाव्याच हातात असायचा आणि सोयाबीन सोंगताना तिची पात सगळ्या बायांच्या पुढे.

मागच्या वर्षी सत्यभामाबाईला झटका आला. उजवं अंग गेलं. देव आहे, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं. अकोल्याच्या डॉक्टरने सांगितलं, जीव वाचला, पण तो हात आता विसरा. गळ्यात अडकवून ठेवा आणि डाव्या हाताची सवय लावा.

पंचफुलाने पेटी उघडली. त्याच चिंधीने तिने सासूचा लुळा हात गळ्यात बांधला. म्हातारीने चिंधी बरोबर ओळखली. तिचा चेहरा मी दारातून पाहिला.

ताट पुढे आलं. सत्यभामाबाई तोंड उघडून वाट पाहत राहिली.

"मी नाई चारत, आत्याबाई. हात हाये न तुमाले."

"त्या... हातानं... नाई." जीभ जड झाली होती, ताठा तेवढाच होता.

दोन वेळा ताट तसंच परत गेलं. सहदेव आईला चारायला बसला, तर पंचफुलाने त्याच्या हातातला घास काढून ताटात ठेवला.

"माह्या वेळी कुठं होते तुमी?"

तो उठून बाहेर गेला.

शेवटी भुकेने म्हातारीचा डावा हात ताटात गेला. घास पदरावर सांडला. सत्यभामाबाई रडली. पंचफुला रडली नाही. तिने सुपात तुरीची डाळ आणून सासूपुढे ठेवली. आधी डाळ, मग कणिक, मग घास. नकोशा हाताला कसं शिकवायचं, हे गावात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? ती म्हातारीच्या बाजूला बसायची आणि स्वतःच्या डाव्या हाताने करून दाखवायची. इतक्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदाच, उघडपणे.

मग पुन्हा रोडग्यांची पंगत आली.

"मी नाई येत," सत्यभामाबाई म्हणाली.

"यावंच लागते. मीबी येते."

दोघी शेजारी बसल्या, पाराच्या पायरीजवळ, जिथून पंचफुलाला उठवलं होतं तिथेच. म्हातारीने डावा हात पुढे केला आणि वाढणारी सिंधूताई थबकली.

"काऊन वो सत्यभामाबाई? सून हाये न बाजूले चाराले. मारोतीच्या परसादाले डावा हात लावता?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. म्हातारीने सुनेकडे पाहिलं, सोडव मला यातून, अशा नजरेने. पंचफुलाने एक घास भरवला असता तर म्हातारी सुटली असती. पण तिने हात मांडीवरून हलवला नाही.

"सांगा न, आत्याबाई. त्या हाताचं काम काय राह्यते, सांगा सगळ्यायले."

"खायाचं," म्हातारी पुटपुटली.

"मोठ्यानं."

"खायाचं!"

तेव्हा पंचफुलाने पहिला घास घेतला. डाव्या हाताने, अख्ख्या गावादेखत. सिंधूताईने मुकाट्याने तिच्या पत्रावळीवर दुसरा रोडगा ठेवला. ऊठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

परतताना मी तिला विचारलं, "झालं न आता? केलं माफ?"

"माफ काऊन करू वो ताई?" ती म्हणाली. "आता रोज माह्या बाजूले बसून जेवते म्हातारी. त्याच हातानं."