खांद्यावरची बोटं

आमच्या घरात मला मतं आहेत, हे सगळ्या धायरीला माहीत आहे. एखाद्या घरातल्या मुलीला दमा असतो, तशी मला मतं. पाहुणे आले की पप्पा आधीच सांगून ठेवायचे, "हिच्या नादाला लागू नगा, ही लय बोलती." त्यात निम्मी तक्रार आणि निम्मं कौतुक. लग्नात मुलीच्या बापानंच का वाकायचं, जेवल्यावर ताटं आईनंच का उचलायची, नवीन माणसाचं आडनाव कळेपर्यंत आपला जीव का वरखाली होतो, असं काही मी जेवताना सुरू केलं की दादा टीव्हीचा आवाज वाढवायचा. आई भाकरी थापत असायची. तिचं तोंड तव्याकडे असायचं, त्यामुळे ती ऐकते की नाही, ते कळायचं नाही. आणि मी कधी बघितलंही नाही.

आम्ही मूळचे इथलेच. गाव महापालिकेत गेलं, शेतांवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीला माझ्या पणजोबांचं नाव आहे. पाणी मात्र अजून टँकरनं येतं. पप्पा मला कळायला लागल्यापासून पक्षाचं काम करतायत. कुणाचं ड्रेनेज तुंबलं, कुणाच्या पोराची अ‍ॅडमिशन अडली, कुणाकडे मयत झाली, की पप्पा हजर. या निवडणुकीत तिकीट मिळणार, हे जवळजवळ ठरलेलंच होतं. आणि नेमकी त्यांची जागा महिलांसाठी राखीव निघाली.

दोन दिवस पप्पा जेवले नाहीत धड. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता माझ्याकडे बघून म्हणाले, "आपली पोरगी हाय की! शिकलेली हाय, बोलती हाय. आजून काय पायजे?"

खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. महिला आरक्षणावर मी कॉलेजात तावातावानं भांडले होते. नवरे आणि बाप मागून कारभार हाकतात, ते बंद व्हायला पाहिजे, हे माझं आवडतं वाक्य. आता मीच उभी राहणार आणि कुणाचंही ऐकणार नाही! टँकर बंद करीन, फूटपाथवरून माणसं चालतील, काय काय मनात आलं. पप्पांच्या पक्षाच्या सभांमध्ये जे काही बोललं जातं त्याची मला किळस यायची, पण आत शिरल्याशिवाय काही बदलत नाही, असं मी स्वतःला पटवलं. पटवण्यात मी हुशार आहे.

त्याला मात्र पटलं नाही. तो म्हणजे माझ्या ऑफिसातला, त्याआधी कॉलेजातला, आणि माझ्या आयुष्यातला. त्याचं घर पेठेत, मंडईजवळ त्यांचं बॅगांचं दुकान, आजोबांनी काढलेलं. मुसलमान. मी चिडले की माझी भाषा धायरीवर येते, तो चिडला की आणखी शुद्ध मराठी बोलायला लागतो. कॅन्टीनमध्ये मी त्याला सगळे बेत सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "तुमच्या स्टेजवर ते आमच्याबद्दल बोलायला लागतील, तेव्हा आपण काय करणार आहात?"

मला 'आपण' म्हणाला, म्हणजे भलताच चिडला होता. मी लांबलचक उत्तर दिलं. ते काय होतं, आता आठवतही नाही. त्यानं चहा संपवला आणि आम्ही आपापल्या खुर्चीत जाऊन बसलो.

मग माझा वाढदिवस आला. दादाच्या मित्रांनी मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून रातोरात चौकात फ्लेक्स लावला. 'आमच्या लाडक्या ताईसाहेब, भावी नगरसेविका', खाली गॉगलवाल्या पोरांची गोल गोल तोंडं, आणि मधोमध मी, दुमजली. फोटो त्यांनी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवरून उचलला होता. तो मूळ फोटो सिंहगडावरचा. त्यात मी आणि तो शेजारी उभे होतो, त्याचा हात माझ्या खांद्यावर. डीपीला लावताना मीच त्याला कापला होता. घरच्यांचे नंबर आहेत ना फोनमध्ये! पण बोटं राहिली होती. एवढ्याशा गोलात ती माझ्या ड्रेसची नक्षी वाटायची. फ्लेक्सवर एकेक बोट केळ्याएवढं झालं. त्यातल्या एका बोटात चांदीची, निळ्या खड्याची अंगठी. त्याच्या आजोबांची.

पहिला फोन समोरच्या बिल्डिंगमधल्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा. त्या मूळच्या सदाशिव पेठेतल्या. "वाढदिवसाच्या शुभेच्छा. फोटो छान आलाय. बोटं कुणाची आहेत?"

मी खाली आले तेव्हा पप्पा हॉलमध्ये बसले होते. बाहेर व्हरांड्यात कार्यकर्ते चहाची वाट बघत होते. दादा खिडकीशी उभा राहून नखं खात होता. आई ट्रे घेऊन दारात थांबलेली.

"कुनाचा हात हाय त्यो?"

या प्रश्नाची तयारी मी तीन वर्षं करत होते. आंघोळ करताना, स्कूटरवर, मीटिंगमध्ये. माझ्याकडे मुद्दे होते, उदाहरणं होती, रडायचं नाही हे ठरलेलं होतं. मी सगळं सांगितलं. त्याचं नाव, घर, दुकान, आणि मला त्याच्याशीच लग्न करायचंय, हेही. पप्पा उठतील, थोबाडीत देतील, निदान ओरडतील तरी, म्हणून मी पाय घट्ट रोवून उभी होते.

पप्पांनी कपाळावरचा घाम पुसला. "बरं," म्हणाले. "रिझल्ट लागल्याव बघू."

"म्हणजे?"

"म्हंजी बघू. मी काय राक्षस हाय का? तवर त्या फोटूतली बोटं काढू. आन् तुज्या त्या पोस्टी हायत, त्या बी. निवडून आलीस, की बसू निवांत, त्याच्या बापाला बी बोलवू."

भांडायला गेलेल्या माणसाला चहा विचारावा, तसं झालं माझं. सगळ्या तयारीवर पाणी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला हायसं वाटलं. काय वाईट आहे, असं वाटलं. थोडे महिने गप्प बसायचं, मग पद पण आणि तो पण. त्या दुपारी बसून मी माझ्या फेसबुकवरच्या पोस्ट काढायला लागले. जातीवरची, मोर्च्याची, स्टेजवरच्या एका भाषणावर मी संतापून लिहिलेली. एकेक उडवताना हात थांबायचा, पण उडवली.

दोन दिवसांत नवा फ्लेक्स लागला. त्यात माझ्या अंगावर साडी होती, जी मी कधी नेसलेच नव्हते. कुठल्या तरी दुसऱ्या बाईचं जोडलेलं धड आणि जोडलेले हात. डोक्यावर पदर. खांदा गुळगुळीत, बोटांचा मागमूसही नाही.

संध्याकाळी तो मला सोडायला आमच्या बाजूला आला होता. नेहमी वारज्याच्या पुलाशीच वळून जायचा, त्या दिवशी थेट चौकापर्यंत आला. गाडी उभी करून फ्लेक्सकडे बघत राहिला. मला वाटलं, आता शुद्ध मराठी सुरू होणार.

"पदर छान काढलाय," एवढंच म्हणाला.

"चिडलायस ना? चीड की मग!"

"तोच तर घोळ आहे," तो म्हणाला. "चिडायला पाहिजे होतं. पण मला पहिल्यांदा काय वाटलं माहितीय? बरं झालं. आता कुणी विचारायला नको, कुणाची बोटं म्हणून. अम्मीपण रात्री झोपेल. मला सुटल्यासारखं वाटलं गं." आणि मग त्याचे डोळे भरून आले. "मला स्वतःची भीती वाटली."

मला रडू आलं नाही, संताप आला. पप्पांचा, त्या गॉगलवाल्यांचा, त्याचा आणि स्वतःचा तर विचारूच नका. तो निघून गेला तशी मी तरातरा घरी आले. व्हरांड्यात सात-आठ जण बसले होते, त्यांच्या देखतच म्हणाले, "मी हुबी ऱ्हानार न्हाय. त्यो फ्लेक्स आत्ताच्या आत्ता उतरवा." पप्पा म्हणाले, आत चल, आत बोलू. मी म्हटलं, आत नाही, इथंच. स्टेजवर बसून त्याच्या लोकांना शिव्या खाताना मी बघणार नाही, आणि लग्नासाठी तुमच्या रिझल्टची वाटही बघणार नाही. आयुष्यात इतकं मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. समोरच्या गॅलऱ्यांमध्ये माणसं आली. पहिल्या मजल्यावरच्या काकू तर खुर्ची घेऊनच आल्या.

पप्पांची नजर जमिनीकडे होती. ते थकलेले दिसत होते आणि मला त्यांची कीवही आली, नाही असं नाही. मग त्यांनी मान न वळवता आत हाक मारली.

"अगं ए, तुझा येखादा बरा फोटू हाय का?"

आई ओल्या हातानं बाहेर आली. तिला आधी कळलंच नाही, फोटो कशाला ते.

आईचा एकटीचा फोटो घरात निघेना. कुठे कुणाचं बाळ तिच्या कडेवर, कुठे ती मागच्या रांगेत अर्धी. शेवटी मामेबहिणीच्या लग्नातला सापडला. त्यात मी तिच्या गळ्यात हात टाकून उभी होते. पोरं आता शिकली होती. त्यांनी मला स्वच्छ कापलं.

आईचा अर्ज भरून झाला. पप्पा माझ्याशी बोलत नाहीत, दादा निरोपापुरता बोलतो. माझा तो आणि मी अजून भेटतो, पण बोलताना दोघंही जपून बोलतो, आधी तसं नव्हतं. आणि आई सकाळ-संध्याकाळ दारोदार हिंडते. गुडघे दुखतात तिचे, तरी जिने चढते, हात जोडते. बोलायचं काम पप्पा करतात.

परवा तिला डॉक्टरांकडून आणताना मी चौकात स्कूटर थांबवली. तिनं तिचा फ्लेक्स जवळून बघितलाच नव्हता. ती वर बघत राहिली. चेहऱ्याकडे नाही, खांद्याकडे.

"हितं तुजा हात व्हता," म्हणाली.

"हो."

"तू त्या दिवशी न्हाय म्हणालीस ना सगळ्यांम्होरं, लय बरं वाटलं मला. म्हटलं, आता मला बी कुनीतरी इचारंल. कुनी इचारलंच न्हाय गं. तू बी न्हाय."

मी स्कूटर सुरू केली. ती मागे बसली, नेहमीसारखा माझ्या खांद्याला धरून. सिंहगड रोडला ही गर्दी. सिग्नलला थांबलो तेव्हा ती माझ्या कानाशी वाकली.

"ते मशिनीवर शेवटचं बटण आस्तंय ना, कुनीच नगं म्हणायचं?"

"असतं."

"मी त्येच दाबनार हाय," आई म्हणाली. "तुज्या पप्पांना सांगू नगं. त्यांना वाईट वाटंल."