मण्यारीचे पट्टे

मेश्राम मॅडम ओएचपीची, म्हणजे पडद्यावर चित्र पाडणाऱ्या प्रोजेक्टरची, प्रत्येक पारदर्शक फिल्म आधी खिडकीच्या उजेडात धरायच्या. कडेला दोनच बोटं, मान तिरकी. रेघ तुटलेली दिसली की म्हणायच्या, "प्रिंटरचं हेड साफ करा जी सर." प्रत्येक फिल्मवर एकाच जागी ठिपका आला की, "झेरॉक्सची काच पुसली नाई काऊन? माशी मेली का तिथी?"

गडचिरोलीच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात आम्ही दोघंही कंत्राटी होतो. मॅडम आश्रमशाळांच्या शिक्षकांना साप ओळखायला शिकवायच्या, मी आरोग्य शिकवायचो. प्रिंटर माझ्या ताब्यात असे, त्यांच्या फिल्मही मीच छापायचो. "कागद चूक पोटात घेते, फिल्म नाई घेत," हे त्या मला कायम ऐकवत.

मग दोघांपैकी एकाला कायम करायचं ठरलं. त्यासाठी साहेब आमचे तास पाहायला येणार होते. आदल्या दिवशी शाईच्या प्रिंटरची खरबरीत फिल्म संपली. मॅडमचे साप छापायला मी झेरॉक्सची गुळगुळीत फिल्म घातली. तिच्यावर शाई धरत नाही, हे मला माहीत होतं. सकाळी हॉलच्या दारात मी पाकीट दिलं. त्या म्हणाल्या, "पाहू द्या जरा."

"पाहिली मी," मी म्हणालो.

प्रोजेक्टरच्या दिव्यावर मण्यारीचे पट्टे एकमेकांत उतरले. शेजारचा बिनविषारी कवड्याही तसाच काळा.

"मॅडम, यातला विषारी कोणता?" साहेबांनी विचारलं.

मागून कोणीतरी बोललं, "दोनी गांडूळच दिसून राह्यले जी!" हॉल हसला.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "सर, शाई काऊन पसरली?"

"तुमच्या बोटांचा घाम लागला असेल," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

त्यांनी स्वतःची बोटं पाहिली. "असंल जी. माह्या हाताले घाम येतेच." मग त्यांनी खडू घेऊन फळ्यावर दोन्ही साप काढले, सुरेख काढले. पण साहेब तोवर उठून गेले होते.

जागा मला मिळाली. पेढा मागायला पहिल्या त्याच आल्या. पुढे त्या गोंडपिपरीला शिकवण्या घेऊ लागल्या. त्या गावावरून मी कितीदा गेलो, एकदाही उतरलो नाही.

यंदा त्या वारल्या, तेव्हा उतरलो. त्यांची मुलगी म्हणाली, "आई तुमचं नाव काढे जी, सर. 'सरानं फिल्म चांगलीच छापली होती, माह्याच हातानं बिघडली,' म्हणे. तवापासून शिकवतानाई मुठीत रुमाल राहे तिच्या."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं चहाचा कप पुढे केला, आणि मला हायसं वाटलं.