खोडरबराचा वास

नव्या खोडरबराचा वास आला की मला चारकोपमधली मावशीची खोली आठवते. मी घरातली पहिली पदवीधर म्हणून तिनं मला गावाहून मायेनं आणून ठेवलं होतं आणि 'आता आमचा कॉम्प्युटर हीच नीट करणार' असं मजलाभर सांगितलं होतं. मी सिस्टिम नव्याने टाकायला घेतली, पण दरवेळी अर्ध्यावर स्क्रीन अडकायची. पेनड्राइव्ह बदलला, हार्ड डिस्क पुसली, तरी तेच. शेवटी मावशीनं माझ्याच वयाच्या शेजारच्या मुलीला हाक मारली. "रॅम काढून बघितलीस का गं? कॉम्प्युटरची डिग्री ना तुझी?" असं हसत विचारून तिनं रॅमची पट्टी काढली, तिची काळपटलेली सोनेरी कड खोडरबराने घासली आणि परत बसवली. या वेळी सिस्टिम न अडखळता पूर्ण चढली. "झकास! जेवूनच जा आता," म्हणत मावशीनं सुरमईची मधली तुकडी तिला वाढली. एरवी ती माझ्या ताटात यायची. मी खाली मान घालून भात कालवत राहिले. आज मी अंधेरीतल्या एका ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर सांभाळते. तरी मावशीचा मोबाइल बिघडला की ती शेजारीच हाक मारते. "तुला कशाला गं उगाच त्रास?" असं ती प्रेमानं म्हणते, आणि मला ते अजूनही सहन होत नाही.