तापणारी गाडी आणि माझे मामासासरे

जगात जे जे म्हणून बिघडतं ते केवळ तापल्यामुळे बिघडतं, यावर माझ्या मामासासऱ्यांइतकी ठाम श्रद्धा असलेला दुसरा माणूस उभ्या पालघर जिल्ह्यात सापडणार नाही. मिक्सर जळणं, दूध नासणं, भावाभावांत वाटण्या होणं, सरकारं पडणं आणि माझे केस चाळिशीच्या आत जाणं, या सगळ्यांमागे त्यांना एकच कारण दिसतं. "वेळेवर गार केलं नाही, दुसरं काय?" असं म्हणून ते विषय संपवतात. तारापूरच्या एका कारखान्यात त्यांची सबंध नोकरी कूलिंग टॉवरवर गेली. कारखान्याने दिवसभर पाणी तापवायचं आणि मामांनी ते गार करून परत पाठवायचं, असा हा तीस-बत्तीस वर्षांचा संसार. त्यामुळे कुठल्याही वस्तूला उलटा हात लावून तिचा ताप बघायची त्यांना सवयच जडली आहे. आमच्याकडे पालघरला आले की ते आधी फ्रिजच्या मागे हात घालतात, मग टीव्हीच्या डबड्यावर ठेवतात आणि मग माझ्या मुलीच्या कपाळावर. तिघांची प्रकृती ठीक निघाली की चहा घेतात. मी मुलगी बघायला म्हणून डहाणूला गेलो तेव्हा बाकीच्यांनी मला पगार, गाव, भावंडं असलं काय काय विचारलं. मामा मात्र तडक अंगणात गेले, माझ्या मोटरसायकलच्या इंजिनाला हात लावून आले आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "मुलगा सावकाश चालवतो. देऊन टाका." आमचं लग्न या एका शेऱ्यावर झालं असं माझी बायको अजून सांगते, आणि सांगताना तिचा सूर फारसा कौतुकाचा नसतो.

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर गाडी घ्यावी, आणि तीही सुपरचार्जरवाली, हा योग जुळवून आणणाऱ्या ग्रहांचं मला कौतुक वाटतं. वापीचे एक डॉक्टर मुलाकडे परदेशी निघाले होते. त्यांची जुनी, काळी, विलायती मोटार दारात नुसती उभी होती. मामा तिथे खरं तर दुसऱ्याच कामाला गेले होते, पण बॉनेट उघडून आत बघितलं आणि गडी विरघळला. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाला जबरदस्तीने जास्तीची हवा भरवणारा पंप, हे मला त्या दिवशी कळलं. "हवा दाबली की ताकद येते, जावईबापू. पण दाबली की ती तापते पण. सायकलला हवा भरून झाली की पंपाला हात लावून बघा." मी घरी येऊन खरंच सायकलला हवा भरली आणि पंपाला हात लावला. तापला होता. म्हणजे मामांच्या हाती आता अशी गाडी आली होती जिचा धर्मच मुळी तापणं हा होता. सगळ्या आयुष्याची तालीम जणू याच एका परीक्षेसाठी झाली असावी अशा आनंदात ते होते.

या आनंदात एक अडचण होती आणि तिचं माहेर उधव्याला होतं. आमच्या मामी तळासरीच्या पलीकडच्या, डोंगराकडच्या. भातशेती, थोडी नाचणी, अंगणात कोंबड्या असं त्यांचं घर. तिथे मामींचा भाऊ आणि नव्वदी ओलांडलेली आई. या आईंना आम्ही सगळेच आजी म्हणतो. लेकीच्या घरी येऊन चार दिवस राहायचं, एवढी एकच इच्छा आजींनी धरून ठेवली होती. पण जीपच्या हादऱ्यांनी त्यांची कंबर धरायची, म्हणून कित्येक वर्षं येणं झालं नव्हतं. मी एकदा भाड्याच्या गाडीचं सुचवून बघितलं. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि उधव्याहून आजींचा निरोप आला तो असा: "येन तं जावयाच्याच गाडीनं येन." म्हणून गाडी आली त्याच आठवड्यात मामा आणि मामी आजींना आणायला निघाले. तळासरीच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आली. मामींनी शांतपणे चिकूंची पिशवी उचलली, मागून येणाऱ्या जीपला हात केला, आत बसल्या आणि खिडकीतून म्हणाल्या, "तुम्ही गार होऊन या सावकाश." जीप निघून गेली. मामांनी त्या रस्त्यावर उभ्या उभ्या शपथ घेतली की आंबे संपायच्या आत आजींना याच गाडीतून, एसी लावून, वाटेत एकदाही न थांबता डहाणूला आणीन.

मग डहाणूला मामांच्या चिकूवाडीतल्या, चिकू निवडायच्या शेडमध्ये जे सुरू झालं त्याला दुरुस्ती म्हणणं अन्यायाचं होईल. तो एक कारखानाच होता. मामांनी भिंतीवर तक्ता लावला आणि दर तासाचं तापमान त्यात लिहायला घेतलं, गाडी बंद असली तरीसुद्धा. कारखान्याच्या शिस्तीप्रमाणे कामाला हात घालण्याआधी परवाना लागतो, म्हणून मामा रोज सकाळी एक कागद लिहायचे: 'काम: रेडिएटर उतरवणे. धोका: वाफ. खबरदारी: इंजिन थंड.' खाली सही करायला वरिष्ठ अधिकारी हवा. घरात मामांना वरिष्ठ एकच माणूस. मामी पिठाचे हात पुसून सही करायच्या. एकदा गॅसचा नंबर लावायचा राहिला होता तेव्हा त्यांनी परवाना नाकारला, आणि मामा खरोखर अकरा वाजेपर्यंत हात बांधून बसले. परवान्याशिवाय बॉनेट उघडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. स्टिअरिंगला ते 'काम चालू आहे, हात लावू नये' अशी लाल पाटी बांधायचे. पुढे ही पाटी मिक्सरवर, पाण्याच्या मोटारीवर आणि एकदा दुपारी झोपताना त्यांच्या स्वतःच्या आरामखुर्चीवरही दिसली.

गाडीचा मूळचा रेडिएटर त्यांना नाजूक वाटला. वापीच्या भंगारवाल्याकडून त्यांनी दुसरा आणला. तो देताना बिचारा दहादा म्हणाला, "काका, आ तो टेम्पोनुं छे!" मामा म्हणाले, "मग चांगलंच आहे की, टेम्पो काय तापत नाही?" तो बसवायला पुढची पट्टी कापावी लागली. सुपरचार्जरची तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करायला इंटरकूलर असतो. त्याच्या पाण्यासाठी त्यांनी वेगळा पंप आणि वेगळी छोटी जाळी बसवली. दोन पंखे लावले. बॉनेटला वाफ जायला फटी पाडल्या. गाडी सुरू केली की शेडमधली चिकूंची पानं उडून थेट स्वयंपाकघरात जायची. आता फक्त पाणी भरायचं उरलं. ज्याने त्याने सांगितलं की कूलंट घाला, नाहीतर निदान बॅटरीचं शुद्ध पाणी घाला. मामा हसले. "रंगीत पाणी विकायचे धंदे आहेत सगळे. बाबांनी खणलेली विहीर आहे आमची. या पाण्याच्या चहाला साखर कमी लागते." ज्या माणसाने नोकरीभर दर पाळीला पाण्यातले क्षार मोजले, त्याने घरच्या विहिरीचं पाणी एकदाही मोजलं नव्हतं. वडिलांवर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं ना ते.

पहिले काही दिवस गाडी गुणी मुलासारखी वागली. मामा बोर्डीला जाऊन आले, झाईपर्यंत जाऊन आले, तापमानाचा काटा जागचा हलला नाही. आता उधव्याची रंगीत तालीम करायची ठरली आणि तालमीत आजींची भूमिका मला मिळाली. मागच्या सीटवर मधोमध बसायचं, खिडकी उघडायची नाही, आणि कंबर दुखली तर सांगायचं. तळासरीपर्यंत माझी कंबर उत्तम होती. मग काटा चढायला लागला. मामांनी गाडी वळवली आणि काय केलं, तर मे महिन्याच्या भर दुपारी हीटर लावला, तोही पूर्ण. "इंजिनाची गरमी आत ओढून घ्यायची, जावईबापू. शास्त्र आहे." शास्त्र असेल. मी मात्र चारोटी येईपर्यंत शर्टासकट उकडून निघालो होतो. नाक्यावर ताडगोळे विकणारी बाई खिडकीशी आली, मामांनी काच खाली केली, आणि आतला झोत तोंडावर बसताच ती दोन पावलं मागे गेली. "आई गं! काका, एसी बिघडला काय तुमचा?" मामा घाम निथळत प्रसन्नपणे म्हणाले, "नाही गं, इंजिनाला बरं वाटतंय आता." मग त्यांनी डझनभर ताडगोळे घेतले आणि पहिला मागे माझ्या हातात ठेवत म्हणाले, "घ्या आजी." मला हसायला आलं, पण मामा हसत नव्हते. आंब्याच्या पेट्या बाजारात कमी व्हायला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि मी मुक्कामाला होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. मामींच्या सहीचा परवाना घेऊन मामांनी रेडिएटर उतरवला आणि वरची टाकी उघडली. आतल्या नळ्यांच्या तोंडांवर पांढरा थर जमला होता. मामांनी तो नखाने खरवडला, बोटावर घेतला आणि जिभेला लावला. उठून विहिरीवर गेले, रहाट ओढला, ओंजळभर पाणी प्यायले. मग स्वयंपाकघरात आले आणि माठातलं पाणी प्यायले. मग पुन्हा विहिरीवर गेले. परत आले तेव्हा मामी शेगडीशी उभ्या होत्या आणि त्यांना सगळं कळलेलं होतं.

"कधीपासून?" मामांनी विचारलं.

"झाली तीन वर्षं. मचूळ यायला लागलं तेव्हापासनं. समुद्र आत सरकलाय म्हणतात सगळे."

"आणि माठात?"

"शेजारच्या नळाचं. तुम्ही सकाळी किनाऱ्यावर फिरायला जाता ना, तेव्हा दोन हंडे आणते." मामी पदराला हात पुसत राहिल्या. "सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्याचं पाणी प्यायला असतात का? ते खारटच पीत बसला असतात."

तीन वर्षं वाडीतल्या चिकूंची पानं कडेने करपत होती, आणि मामा प्रत्येकाला सांगत होते की ऊन वाढलंय, झाडं तापतात. पश्चिमेकडच्या रांगेवर त्यांनी हिरव्या जाळीचं छप्परसुद्धा घातलं होतं. मामा उंबऱ्यावर बसले. मला वाटलं आता रागावतील. ते एवढंच म्हणाले, "हंडे जड असतात गं," आणि नखातली पांढरी पूड काढायला लागले. मला फार वाईट वाटलं. विहिरीचं पाणी खारं झालं म्हणजे वाडी किती वर्षांची उरली, हे हिशेब न करताही तिघांनाही कळत होतं.

सोमवारी त्यांनी रेडिएटर साफ करून घेतला, दुकानातून हिरवं कूलंट आणि शुद्ध पाण्याचे डबे आणले आणि भरले. भिंतीवरच्या तक्त्यात 'पाणी' या रकान्यात त्यांनी 'बाहेरचं' असं लिहिलं. पुढच्या रविवारी आम्ही उधव्याला गेलो. तळासरीला काटा मध्यावर होता, चढाला मध्यावर होता, उधव्याच्या कच्च्या रस्त्यालाही मध्यावर. मामींनी पहिल्यांदा गाडीत पाय पसरले. आजींना दोघांनी उचलून मागे बसवलं, अंगावर शाल घातली, आणि एसीच्या गारव्यात त्या लहान मुलीसारख्या बाहेर बघत बसल्या. चारोटीला त्यांनी विचारलं, "तापत नाय ना जावय, तुमची गाडी?" मामा म्हणाले, "आता नाही तापायची." पण शपथ पुरी झाल्याचा जो विजयी आवाज मी अपेक्षित धरला होता, तो काही मला ऐकू आला नाही.

डहाणूला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वाडीत खुर्ची टाकून आजींना बसवलं. त्यांनी झाडांवरून नजर फिरवली, जाळीच्या छपराकडे बघितलं. मग लेकीचा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या हिरीचं पानी दे गो. तुजे लग्नात प्यायलेली, अजून त्वांडात हाय."

मामी जागच्या जागी थांबल्या. त्यांनी मामांकडे बघितलं. तापमानाचा अर्धा अंश इकडे तिकडे झाला तर साहेबांशी भांडणारे, चुकीचा आकडा जन्मात न लिहिलेले आमचे मामा उठले, स्वयंपाकघरात गेले, माठातलं पाणी तांब्यात घेऊन आले आणि आजींसमोर वाकून म्हणाले, "घ्या. आत्ताच काढलंय विहिरीतनं."

आजी डोळे मिटून, थांबत थांबत, सगळा तांब्या प्यायल्या. "तसंच हाय," म्हणाल्या. "गोड."

मामा म्हणाले, "हो. आणखी आणू?"