दोन सेंटिमीटरची माणसं आणि आमची मोठी माणसं

चार जण आठवड्यातून तीनदा एका टेबलाभोवती बसले, की काम कमी होतं आणि किस्से जास्त साठतात. आमच्या टेबलावर तर आणखी शंभरेक माणसं असतात, प्रत्येकी दोन सेंटिमीटर उंचीची. पण मूर्खपणा सगळा आम्हा चौघांचाच!

आम्ही मिनिएचर फोटोग्राफी करतो. पुठ्ठ्याची चाळ, रव्याची चौपाटी, त्यात इवलीशी माणसं मांडायची आणि कॅमेरा इतका जवळ न्यायचा की फोटोत सगळं खरं वाटलं पाहिजे. जमतो परळला, विलासकाकांच्या खोलीत. काकांचं आयुष्य लालबागच्या कारखान्यांत गणपती रंगवण्यात गेलं. दुसरे गिरगावचे पेंडसे सर, रिटायर्ड भूगोल शिक्षक. कॅमेरा त्यांचा, म्हणून तोराही त्यांचाच. तिसरी प्राजक्ता, दादरची डेंटिस्ट. दातांच्या हत्यारांनी ती माणसं उभी करते. चौथा मी. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं ते विचारू नका, अख्ख्या लालबागचं विचारून झालंय.

बाबांना हे सगळं एकदा समजावायला गेलो.

"म्हणजे छोटे फोटो?"

"नाही बाबा, छोट्या वस्तूंचे मोठे फोटो."

"मग मोठ्या वस्तूंचेच का नाही काढत?"

शेवटी त्यांनी मुदत दिली. दादरच्या एका हॉलमध्ये आमचं प्रदर्शन लागणार होतं. "रविवारी येऊन बघतो. बघण्यासारखं नसेल, तर सोमवारी सकाळी नऊला मामाच्या ऑफिसात. डेटा एन्ट्री. पुन्हा चर्चा नाही."

चर्चा आधी तरी कुठे झाली होती?

*

शेजारच्या सुलूकाकींना मात्र लगेच समजलं. म्हणजे त्यांना तसं वाटलं.

"मिनिएचर काढतोस ना? मग माझे आठ काढ. पेन्शनच्या फॉर्मला लागतात."

काढले. फुकट. हातात घेऊन म्हणतात कशा, "चेहरा जरा मोठा आलाय रे. तू तर छोटे काढतोस ना?"

*

विलासकाका म्हणजे डोळ्यांचा माणूस. अठरा फुटी मूर्तीचे डोळे काढताना त्यांच्यासमोर कोणी खोकतही नसे, असं ते स्वतःच सांगतात. त्यांना आम्ही पहिलं काम दिलं दोन सेंटिमीटरच्या भाजीवालीचं. अडीच तास लागले. तेवढ्या वेळात मी भायखळ्याला जाऊन खरी भाजी आणली असती.

लेन्समधून बघितलं आणि गारच झालो. कमळासारखे लांब डोळे, वर कोरीव भुवया, अर्धवट मिटलेल्या पापण्या! समोर मेथीच्या चार जुड्या.

प्राजक्ता म्हणाली, "काका, ही भाजी विकतेय की वर देतेय?"

काकांनी ब्रश खाली ठेवला, सवयीप्रमाणे भाजीवालीला हात जोडले आणि मला दरडावलं, "बघतोस काय? चप्पल काढ!"

*

मोठ्या माणसांचा प्रॉब्लेम एकच. दोघं बोलत असले की दोघांनाही खात्री असते की समोरच्याला आपलं कळलं.

चाळीच्या मॉडेलला दार हवं होतं. काका सुतारांसोबत वाढलेले, त्यांचं माप सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच. त्यांनी सरांना ओरडून सांगितलं, "दार आठ ठेवा!" सरांचा हिशोब सेंटिमीटरमध्ये. त्यांनी फूटपट्टी लावून, कोन मोजून, आठ सेंटिमीटरचं दार कापलं.

ते दार थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलं!

सर म्हणाले, "एकक सांगायला हवं होतं." काका म्हणाले, "डोळे वापरायला हवे होते." पंधरा मिनिटं भांडण. मी म्हटलं, "अहो, या दारातून अठरा फुटी बाप्पा बाहेर येईल."

काकांनी दार हातात घेऊन नीट निरखलं.

"मग राहू दे. लालबागमध्ये दार मोठंच असावं. ऐन वेळी भिंत फोडावी लागत नाही."

*

सरांचा पहिला नियम : सेटजवळ फुंकर मारायची नाही. दुसरा नियम : पंखा बंद. तिसरा : हसायचं नाही. मे महिन्यात घामाने भिजून आम्ही लग्नाची वरात लावली. बँडवाले, करवल्या, घोडा, घोड्यावर नवरदेव. पहाटेचं धुकं हवं म्हणून मागे अगरबत्ती पेटवली.

सर कॅमेऱ्यावर वाकले. धूर थेट नाकात.

एकच शिंक! वरात साफ झोपली. बँडवाले पलंगाखाली, करवल्या चहात, घोडा एकटाच उभा.

मी म्हटलं, "सर, भूकंप केलात!"

माफी? छे! नाक पुसत म्हणाले, "भूकंप नव्हे. जमीन हलली का? हलली ती हवा. चक्रीवादळ म्हण."

नवरदेव चौथ्या दिवशी सरांच्या चष्म्याच्या केसमध्ये सापडला. त्यावर सर म्हणाले, "बघ, सुरक्षित स्थळी हलवला होता."

*

रव्याच्या चौपाटीवर एकदा मुंगी आली. खरी. प्राजक्ता चिमट्याने उचलणार, तेवढ्यात सरांनी बटण दाबलं. फोटो अप्रतिम! सूर्यास्त, भेळवाला, फुगेवाला आणि मधोमध हे भलंमोठं काळं जनावर.

"डिलीट करू," मी म्हटलं.

"राहू दे," काका म्हणाले. "म्हैस म्हणून खपेल."

सर भडकले. "सहा पायांची?"

काकांनी विचार केला. "मग दीड म्हैस."

*

आणि तो रविवार.

बाबा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, हात मागे बांधून. रिटायर होईपर्यंत पाणी खात्यात होते, त्यामुळे कुठेही इन्स्पेक्शनला आल्यासारखेच येतात. काकांच्या भाजीवालीपुढून गेले, काही नाही. वरातीपुढून गेले, काही नाही. लोक मला "वा वा" करत होते आणि मी फक्त बाबांच्या पाठीकडे बघत होतो.

माझ्या फोटोपुढे थांबले. चाळीची गॅलरी, कोपऱ्यात नळ, खाली बादली. नळ इंजेक्शनच्या सुईचा, त्याच्या टोकाला लोंबणारा थेंब गोंदाचा. त्या एका थेंबाला माझे चार दिवस गेले होते.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पार नाक टेकेपर्यंत पुढे झाले.

"वायसर गेलाय."

"काय?"

"वायसर गेलाय याचा. असा थेंब धरतो तो वायसर गेल्यावरच. कुठली चाळ ही?"

काका तोंड उघडणार होते, मी त्यांचा हात दाबला.

"कशाला बाबा?"

"कशाला म्हणजे? पाणी वाया जातंय. पत्ता दे, सकाळी पाना घेऊन जातो."

मी म्हटलं, "तुमच्या पलंगाखाली आहे. बुटांच्या खोक्यात. दोन महिने झाले."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग फोटोकडे. मग परत माझ्याकडे.

"आणि दोन महिने गळू दिलास? उद्या कुठे जायचं नाही. घरी थांब. आधी तो नळ नीट कर!"